तांत्रिक कारणामुळे

बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या बाईंचा आवाज इस्त्री केलेल्या चादरीसारखा होता. एक सुरकुती सापडायची नाही. गाडी वेळेवर असो, दोन तास उशिरा असो, की रद्दच झालेली असो, बाई त्याच सुरात सांगायच्या, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." रद्द झालेल्या गाडीचे प्रवासीसुद्धा त्यांचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि मग भांडायला खाली चौकशीच्या खिडकीवर जायचे. तिथला कारकून कपाळावर हात मारून म्हणायचा, "बाई गोड बोलून मोकळ्या होतात, आणि शिव्या मी खातो."

त्यांची खोली वर होती. लोखंडी जिना चढून गेलं की तिन्ही बाजूंनी काचा. तिथून सगळे फलाट दिसायचे, डिझेलचा पंप दिसायचा, कँटीनच्या पत्र्यावर वाळत टाकलेली फडकी दिसायची, आणि रस्त्यापलीकडचं औषधाचं दुकान. टेबलावर लांब मानेचा माइक, झाकण ठेवलेला पाण्याचा पेला, जेवणाचा डबा, आणि खुर्चीवर बाईंनी स्वतः शिवलेली उशी. कारण सरकारी खुर्ची आणि माणसाचं बूड यांचं कधी जमलेलं नाही, असं त्यांचं मत होतं.

असा आवाज असलेल्या बाईंना भजनं नाहीतर भावगीतं आवडत असणार, असं सगळे धरून चालायचे. पण त्यांना आवडायचं रॉक. तेही साधंसुधं नाही. गिटार करवतीसारखी चालते, ढोल बडवणाऱ्याचं कुणाशी तरी वैर आहे असं वाटतं, आणि गाणारा घसा खरवडून ओरडतो, ते.

हे फक्त घरच्यांना ठाऊक होतं. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. दिवसभर यंत्राची घर्रर्र ऐकून घरी आले की त्यांना पंखासुद्धा आवाज न करणारा लागायचा.

"मी दिवसभर घरघर ऐकून येतो," ते म्हणायचे. "मला घरी शांतता पाहिजे."

"आणि मी दिवसभर गुळगुळीत बोलून येते," बाई म्हणायच्या. "मला घरी कुणीतरी ओरडायला पाहिजे."

"मग मी ओरडू का?"

"तुम्हाला सुरात जमणार नाही."

शेवटी लेकीने तोडगा काढला. नोकरीसाठी परगावी जाताना तिने आईला कान पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन घेऊन दिले. घरात शांतता आली, आणि बाईंच्या डोक्यात जत्रा.

हे वेड त्यांना लहानपणी लागलं, तेही भिंतीपलीकडून. किंवा खरं सांगायचं तर छतापलीकडून. त्यांचं बालपण तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत गेलं. वरच्या खोलीत एक दादा भाड्याने राहायचे. कृत्रिम दात बनवायच्या कारखान्यात ते कामाला होते. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता. संध्याकाळी ते कामावरून आले की वर रेकॉर्ड सुरू व्हायची, आणि खाली बाईंचे वडील केरसुणीच्या दांड्याने छत ठोकायचे. दादा आवाज कमी करायचे. वडिलांची पाठ वळली की पुन्हा वाढवायचे.

छतातून गाणं पूर्ण खाली येत नसे. शब्द वरच अडकायचे, गाणाऱ्याचा आवाज वरच राहायचा. खाली पोचायचे ते फक्त ढोलाचे ठोके आणि जाड तारांची घुमघुम. लहानगी बाई पलंगावर उभी राहून भिंतीला तळवा लावायची आणि तळव्याने ऐकायची. तिला वाटायचं, गाणं म्हणतात ते हेच. गाण्यांना शब्द असतात हे तिला शाळेत कळलं, आणि तेव्हा ती जरा हिरमुसलीच.

त्यातलं एक गाणं तिचं लाडकं झालं. दोन जड ठोके, एक फटका, मग थांबणं. जिन्याची पायरी चुकली की पोटात जेवढा खड्डा पडतो तेवढंच थांबणं. मग तीन घाईचे ठोके, जणू कुणीतरी स्वतःला सावरलं. एकदा जिन्यात गाठून तिने विचारलंही, "दादा, ते धडपडणारं गाणं कुठलं?" दादा इतके खूश झाले की हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून त्यांनी पायरीवरच बोटांनी ठेका वाजवून दाखवला. "हे? अगं, हे कुणालाच माहीत नसतं! रविवारी वर ये, ऐकवतो." पण त्या रविवारी तिला ताप आला, पुढच्या रविवारी ती मामाकडे होती, आणि त्यानंतर दादा खोली सोडून गेले. गाण्याचं नाव राहून गेलं ते राहूनच गेलं.

पुढे बाईंनी खूप गाणी ऐकली. पहिल्या पगारात टेपरेकॉर्डर घेतला, नंतर सीडी आल्या, नंतर सगळं फोनमध्येच आलं. ते धडपडणारं गाणं मात्र कुठे भेटलं नाही. ते त्यांच्या बोटांत राहिलं. मुलाखतीच्या बाकावर, दवाखान्यात लेक होण्याआधी कळा सोसताना, माइकपुढच्या पहिल्या दिवशी मांडीवर, सगळीकडे बोटं तेच वाजवत राहायची.

आता त्या दुपारची गोष्ट.

दुपारी जेवणाच्या सुमाराला गाड्या कमी असतात. बाईंनी डबा संपवला, हेडफोन चढवले आणि एक आवडतं गाणं लावलं. बँड नावाजलेला, पण गाणं आडबाजूचं. त्यात शेवटी गायक एक लांबलचक किंकाळी फोडतो. ती आली की बाई नेहमी त्याच्याबरोबर ओरडायच्या. बंद काचेच्या खोलीत कोण ऐकतंय!

माइकचं बटण मात्र सैल झालं होतं आणि त्यावरचा लाल दिवा कधीचा गेला होता. दिव्याबद्दल त्यांनी दोनदा कळवलं होतं. डबा उचलताना कोपर लागलं असणार.

सगळ्या स्थानकावर सहा भोंगे. सहाही भोंग्यांतून बाईंची किंकाळी बाहेर पडली.

गाडी मागे घेणाऱ्या एका ड्रायव्हरला वाटलं, चाकाखाली कुणी आलं. त्याने करकचून ब्रेक मारला. कँटीनमध्ये एका गृहस्थांचा चहा पँटवर सांडला. बाकावर झोपलेले तीन जण एकदम उठून रांगेत उभे राहिले, कशाच्या रांगेत ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि एक कंडक्टर, ज्याला सगळे मास्तर म्हणत, तिकिटांचं यंत्र गळ्यात तसंच ठेवून लोखंडी जिन्यावरून धडधडत वर आला आणि दार ढकलून आत शिरला.

"बाई! कोण आहे? कुणी मारलं?"

बाईंनी हेडफोन काढले. "काय झालं?"

मास्तरने नुसतं माइककडे बोट दाखवलं.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खाली पाहिलं. सगळं स्थानक मान वर करून काचेकडे बघत होतं. पळून जायला जागा नव्हती, आणि दिवसाची निम्मी पाळी बाकी होती. मग त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला, माइक जवळ ओढला, आणि त्याच सुरकुती नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आत्ता आलेला आवाज तांत्रिक कारणामुळे होता. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

बटण बंद केलं, दोनदा तपासलं, आणि मग त्या खुर्चीत बसल्या. मास्तर जिन्याच्या पायरीवर पोट धरून हसत होता.

"तांत्रिक कारण!" तो म्हणाला. "बाई, ते तर त्या अल्बमच्या शेवटून दुसरं गाणं होतं."

बाईंनी झटकन वर पाहिलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"किंकाळी ओळखतो हो मी. माझ्या बायकोने त्या किंकाळीवरून दोनदा माहेरी जायची धमकी दिलीय."

तेवढ्यात जिन्यावर आणखी पावलं वाजली. रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात काम करणारी मुलगी पांढरा कोट तसाच अंगात ठेवून धावत आली होती. "मावशी, आत्ता कोण गात होतं? ते तिसऱ्या अल्बममधलं ना? ते गाणं माहीत असलेलं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं!"

"दुसऱ्या," मागून कुणीतरी म्हणालं. जिन्यावर धापा टाकत एक चष्मेवाले गृहस्थ उभे होते. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे आणि रोज ये-जा करायचे. "दुसऱ्या अल्बममधलं. तिसऱ्यात ते पुन्हा घेतलं, पण किंकाळी कापली."

"कापली नाही, लहान केली," औषधवाली म्हणाली.

"अहो, लहान करणं म्हणजे कापणंच!"

"सर," बाई म्हणाल्या, "तुमची गाडी फलाटावरून निघाली बघा."

सरांनी काचेतून पाहिलं. गाडी खरंच वळण घेत होती. "जाऊ दे," ते म्हणाले. "पुढची आहे. तर मी काय म्हणत होतो..."

प्रकरण अर्थातच आगारप्रमुखांपर्यंत गेलं. ते सज्जन होते, पण स्वभावाने घाबरट. चहा सांडलेल्या गृहस्थांनी लेखी तक्रार केली होती, त्यामुळे काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी बाईंना बोलावलं, टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला आणि विचारलं, "बाई, ते नेमकं काय होतं?"

"गाणं होतं, साहेब."

"गाणं?" साहेबांनी पेपरवेट आणखी एकदा फिरवला. "मला वाटलं भोंगा फाटला."

शिक्षा म्हणून बाईंना महिनाभर हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. ती जागा बरेच दिवस रिकामीच होती. तळमजल्यावर, प्रसाधनगृहाच्या पुढे, एकच खिडकी. आत छत्र्याच छत्र्या, एकेकट्या चपला, डबे, चष्मे, एक क्रिकेटची बॅट, एक कवळी. कवळी विसरून माणूस गाडीतून उतरतो कसा, हे कोडं बाईंना शेवटपर्यंत सुटलं नाही. पहिल्या दिवशी त्या तिथे बसल्या तेव्हा त्यांना रडूच फुटायच्या बेतात होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक ठपका नव्हता.

पण शनिवारी दुपारी मास्तर दारात उभा. "बाई, पाळी सुटली. म्हटलं जरा बसावं." मागोमाग औषधवाली आली, दुकान शनिवारी दुपारी बंद. मग सर आले, हातात बिस्किटांचा पुडा आणि काखेत छोटा स्पीकर. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. जुन्या पेटाऱ्यांवर आणि बेवारस सुटकेसांवर सगळे बसले, आणि मंडळ सुरू झालं. नाव मास्तरने ठेवलं: तांत्रिक कारण मंडळ.

नियम औषधवालीने केला. जे गाणं सलूनमध्ये वाजतं, ते इथे आणायचं नाही. प्रत्येकाने एक आडबाजूचं गाणं आणायचं आणि ते का आवडतं ते तीन वाक्यांत सांगायचं. सरांना तीन वाक्यं कधी पुरली नाहीत. त्यांना लांबलचक गाणी आवडायची. सुरुवातीला वारा वाहतो, मग घड्याळ टिकटिकतं, मग दूर कुठेतरी पियानो, आणि गाणारा तोंड उघडेपर्यंत बिस्किटं संपलेली. मास्तरला आवडायची अगदी छोटी, सुसाट गाणी. "दोन थांब्यांच्या मध्ये जेवढं होतं तेवढं गाणं," तो म्हणायचा. "त्यापुढे मला तिकिटं फाडायची असतात." औषधवाली मुलींचे बँड आणायची. तिच्या गाण्यांतल्या मुली इतक्या चिडलेल्या असायच्या, की मास्तर ऐकताना जरा सरकून बसायचा.

"यांना झालंय तरी काय?" त्याने एकदा विचारलं.

"तुम्ही झालाय," औषधवाली म्हणाली, आणि पुढचं गाणं लावलं.

बाईंची निवड कुणालाच आधी सांगता यायची नाही. गाणं हळुवार असो की दणकट, ढोल आणि जाड तारा यांची जोडी जमली असेल तर त्या मान डोलवायच्या. शब्दांकडे त्यांचं लक्षच नसे. एका गाण्यावर सरांनी पाऊण तास अर्थ सांगितला, गायकाचं बालपण, त्याचं वडिलांशी भांडण, सगळं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हो का? मला वाटलं तो फोन नंबर सांगतोय."

इकडे वरच्या काचेच्या खोलीत बाईंच्या जागी चौकशीचा कारकून बसला होता. तो माइक तोंडात घालून बोलायचा. "फस... लाट... पाच" एवढंच कळायचं. लोक भलत्या गाडीत बसायला लागले. एक आजोबा नातीच्या बारशाला निघाले होते, ते उलट्या दिशेच्या गावी जाऊन आले. महिना भरायच्या आतच साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. "बाई, वर जा. माइकचं बटण नवीन बसवलंय, दिवाही. आणि कृपा करून..."

"कानाला खडा, साहेब," बाई म्हणाल्या. "आणि शनिवारी दुपारी खालच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच असू दे. छत्र्या मोजायच्या राहिल्यात."

साहेबांना सगळं कळलं होतं, पण त्यांनी किल्ली दिली.

एका शनिवारी बाईंनी मंडळाला त्या छतातल्या गाण्याची हकिकत सांगितली. आधी जरा लाजल्याच, कारण एवढ्या वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं. मग सुटकेसवर बोटांनी वाजवून दाखवलं. दोन जड, एक फटका, थांबणं, तीन घाईचे.

तिघांच्याही डोळ्यांत चमक आली. गाणं हुडकणं हा तर त्यांचा जीव की प्राण. पुढचे कित्येक शनिवार त्यातच गेले. मास्तरने आणलेलं, औषधवालीने आणलेलं, सरांनी घरातल्या माळ्यावरून काढून आणलेलं, एकामागून एक. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मान हलवायच्या. "नाही हो. थांबणं चुकतंय." "नाही, हा सावरत नाही, हा पडतोच." सरांनी 'टिन पॅरट' नावाच्या कुठल्यातरी विसरलेल्या बँडचं एक गाणं फोनवर ऐकवलं. बाई म्हणाल्या, "बरं आहे, पण नाही." मास्तर चिडवायला लागला. "बाई, ते गाणं नव्हतंच. दादा घरी दातांचं यंत्र चालवत असतील." बाई हसल्या, पण खरंच तसं असेल तर, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

मग सरांनी नवा स्पीकर घेतला. चांगला मोठा, दोन हातांनी उचलावा लागेल असा. घरी बायकोने "कशाला?" विचारल्यावर त्यांनी "महाविद्यालयासाठी" सांगितलं होतं, आणि त्या थापेने ते दिवसभर अस्वस्थ होते. त्या शनिवारी मास्तरची गाडी उशिरा आली. तोवर सरांनी स्पीकर पेटाऱ्यावर चढवला आणि टिन पॅरटचंच गाणं पुन्हा लावलं, कारण त्यांना ते मनापासून आवडायचं. बाईंनी ऐकलं. गायक नाकात गात होता आणि फार बोलत होता. "छान आहे, सर," बाई म्हणाल्या. "मी चहा घेऊन येते."

खोलीच्या पलीकडच्या बाजूला सफाईवाल्यांची छोटी मोरी होती. तिथे विजेची किटली ठेवलेली असायची. बाईंनी दार ओढून घेतलं, किटली लावली, चहा उकळला, पेल्यांत ओतायला सुरुवात केली. एवढ्यात मास्तर आला असावा. भिंतीपलीकडे औषधवाली म्हणत होती, "पहिल्यापासून लावा, यांनी ऐकलं नाही." आणि सरांनी गाणं पहिल्यापासून लावलं.

भिंतीतून शब्द आले नाहीत. नाकातला आवाज पलीकडेच राहिला. आले ते फक्त ठोके. दोन जड. एक फटका.

थांबणं.

तीन घाईचे.

पेला भरून चहा बशीत आला, बशीतून ओट्यावर, ओट्यावरून बाईंच्या चपलेवर. त्यांना पत्ताच नव्हता. त्यांनी किटली ठेवली आणि तळवा भिंतीला लावला. भिंत आतून हळूहळू हलत होती. वर दादा कामावरून आले होते, वडील केरसुणी शोधत होते, आणि आई म्हणत होती, "उतर पलंगावरून, पडशील."

मग त्या धावल्या. दार उघडून ओरडल्या, "बंद करू नका! हेच ते!"

"बाई," सर म्हणाले, "मगाशी हेच लावलं होतं. मागच्या महिन्यातही फोनवर लावलं होतं."

"मगाशी त्यात माणूस गात होता!"

मग औषधवालीच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिने सरांच्या पाठीत धपाटाच घातला. गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावून चौघं मोरीत शिरले, दार ओढून घेतलं आणि ओळीने भिंतीला तळवे लावले. त्याच वेळी साहेब हात धुवायला आले. चार माणसं भिंतीला टेकून उभी, त्यातल्या एकीचे डोळे भरलेले.

"काय झालं? भिंत पडतेय?"

"हात लावा, साहेब," मास्तर म्हणाला.

साहेबांनी भीतभीत हात लावला. "हो की," ते म्हणाले. "हलतेय." आणि ते भिंत तपासायला माणूस बोलावतो म्हणाले. त्यांना समजावता समजावता चौघांच्या नाकी नऊ आले.

नंतर बाईंना शब्द ऐकावेसे वाटले. आयुष्यभर बोटांत सांभाळलेलं गाणं. त्यांनी मनाशी कायकाय धरलं होतं. कुणीतरी युद्धाला निघालंय, कुणाची तरी ताटातूट होतेय. सरांनी ओळ न् ओळ अर्थ सांगितला. गाण्यातल्या माणसाची शिडी शेजाऱ्याने उसनी नेलेली असते. तो परत देत नाही. माणूस तीन कडव्यांत शिडी मागतो. शेवटी खुर्चीवर स्टूल ठेवून भिंत रंगवायला चढतो.

"आणि?" बाईंनी विचारलं.

"आणि पडतो. ते जे थांबणं आहे ना, तिथे."

बाई आधी गंभीर झाल्या. मग त्यांच्या खांद्यांना कंप सुटला, आणि मग त्या अशा हसत सुटल्या की बाहेर फलाटावर उभ्या असलेल्या बायका आत डोकावून गेल्या. "शिडी!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "अहो, माझी लेक शिडीवर जन्मली!"

घरी गेल्यावर त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा काढून पुसला, आणि जेवणाच्या टेबलावर बोटांनी वाजवलं. दोन जड, एक फटका, बरोब्बर तेवढंच थांबणं, तीन घाईचे. तसूभरही फरक नाही.

"तुम्हाला कसं येतं?" बाई थक्क झाल्या.

"इतकी वर्षं तू हेच ताटावर वाजवतेस, पलंगावर वाजवतेस, झोपेत माझ्या पाठीवर वाजवतेस. मी दुकानात काच घासताना हेच वाजवतो. दुकानाचा मालक ओरडतो माझ्यावर." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "शिडीचं आहे होय? मला वाटायचं तुला कसली तरी काळजी लागलीय."

बाईंनी त्यांना गाणं ऐकवायचा आग्रह केला. त्यांनी हेडफोन लावले, पहिलं कडवं पुरं केलं आणि काढून ठेवले. "तुझंच बरं वाजतं," ते म्हणाले, आणि ताट उचलून मोरीत गेले. रॉक त्यांना त्यानंतरही आवडलं नाही. पण त्या दिवशी भांडी त्यांनीच घासली.

मंडळ पुढेही चालू राहिलं. त्या दादांना शोधावं असं औषधवालीच्या फार मनात होतं, पण बाईंनी नको म्हटलं. त्यांचं नावही आता आठवत नव्हतं, आणि ते भेटलेच तर त्यांना काय सांगायचं, असं बाईंना वाटायचं. सरांच्या बायकोला स्पीकरचा पत्ता लागला. ती जाब विचारायला म्हणून एका शनिवारी आली, आणि तिने आणलेली नानकटाई इतकी खुसखुशीत होती, की तिला पुन्हा पुन्हा जाब विचारायला यावं असं सगळ्यांनी ठरवलं.

दोन वर्षांनी औषधवालीने पुढच्या गावात स्वतःचं दुकान काढलं. मंडळाला ते जड गेलं. शेवटच्या शनिवारी मास्तर एकही चेष्टा करेना, सरांची प्रस्तावना खरंच तीन वाक्यांत संपली, यावरून सगळं लक्षात यावं. बाई तेवढ्या म्हणाल्या, "पुढचं गाव म्हणजे काय समुद्रापार आहे? गाडीला तास लागतो. वेळापत्रक मला पाठ आहे."

औषधवालीने पास काढला. मास्तरने आपली पाळी बदलून त्या गावाची गाडी मागून घेतली. आता शनिवारी दुपारी ती गाडी येते, आणि बाई वरून नेहमीच्या सुरात तिची घोषणा करतात. पण गाडी फलाटाला लागायच्या आतच खिडकीतून भांडण ऐकू येतं, कारण ही दोघं वाटेत तासभर एकमेकांची गाणी ऐकून एकमेकांना नावं ठेवत आलेली असतात. परवाचा विषय होता, ढोलाचा सलग सहा मिनिटांचा तुकडा गाणं म्हणून धरायचा की नाही. मास्तर म्हणत होता धरायचा नाही, औषधवाली म्हणत होती धरायचा. सर फलाटावर उभे होते. त्यांना काही कळायच्या आत दोघांनीही त्यांना साक्षीदार केलं, आणि त्यांनी "त्याची दोन अंगं आहेत" असं म्हणताच दोघंही त्यांच्यावर तुटून पडली.

बाईंनी पुढची घोषणा उरकली, बदलीच्या मुलीच्या हाती माइक दिला, बटण बंद आहे ना ते बघितलं आणि किल्ली घेऊन जिना उतरल्या.

"आधी आत चला," त्या म्हणाल्या. "आणि सहा मिनिटं म्हणताय ना? लावा. मी ऐकल्याशिवाय निकाल देणार नाही."